मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाइन फ्रिज कसा वापरावा, कसा सांभाळावा

परभणीच्या आमच्या जुन्या घरात माळवदाखाली मे महिन्यातही गारवा असायचा. अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, ज्वारी वर्षभर टिकायची. त्याच भरवशावर नाशिकहून आणलेल्या चार बाटल्या मी माजघराच्या कोनाड्यात ठेवल्या. जूनमध्ये काढल्या तेव्हा एकीचं बूच अर्धा बोट वर सरकलेलं होतं, मानेवरून चिकट ओघळ वाळलेला होता आणि आतली रेड वाइन मुरांब्यासारखी शिजलेली लागत होती. उष्णतेनं वाइन फुगते, बूच ढकलते आणि त्या फटीतून हवा आत शिरते. अशी बाटली पुन्हा कितीही गार केली तरी तिची गेलेली चव परत येत नाही.

पेवात ज्वारी टिकते, मग वाइनही तिथंच का ठेवू नये? जमिनीखाली काही मीटरवरचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात ही सरासरी १३-१४ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तिथलं तळघर आपोआपच वाइनला मानवतं. आपल्याकडे तीच सरासरी २६-२७ अंशांवर जाते. म्हणजे कितीही खोल खणलं तरी मराठवाड्यात वाइनला यंत्राचाच आधार लागतो. शिवाय इथं मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो आणि जानेवारीच्या पहाटे परभणीत एक आकडी होतो. वाइनला उष्णतेबरोबर हा चढउतारही छळतो. म्हणून पुढच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच आहे: बाटलीला वर्षभर एकच ऋतू मिळावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो काढून घ्या. घरात लहान मुलं असतील तर कुलपाचाच फ्रिज घ्या.

घेताना काय पाहावं

वाइन फ्रिज दोन जातींचे येतात. कंप्रेसरवाला आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजसारखाच गॅसवर चालतो. दुसरा थर्मोइलेक्ट्रिक. त्यात कंप्रेसर नसतो, आवाज फारसा नसतो, किंमतही कमी असते, म्हणून ऑनलाइन पाहताना तोच मनात भरतो. मीही आधी तोच घेतला. पण हा प्रकार बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जाऊ शकतो. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३९ होतं आणि आत २६. फ्रिज बिघडला असं समजून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पाठीमागं हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "काका, मशीन चांगलं हाय, पण आपल्याकडच्या उन्हाळ्याचं न्हाई." ते त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मराठवाड्यात कंप्रेसरवालाच घ्या. याबाबतीत मी कुणालाही दुसरा सल्ला देणार नाही.

कंप्रेसरवाल्यातही आतल्या किंवा मागच्या स्टिकरवर 'क्लायमेट क्लास' बघा. 'एन' लिहिलेला फ्रिज ३२ अंशांच्या खोलीपर्यंतच नीट चालतो, 'एसटी' ३८ पर्यंत आणि 'टी' ४३ पर्यंत. आपल्याला 'टी' हवा. दुकानदाराला हे अक्षर सांगता आलं नाही तर स्टिकर स्वतः वाचा.

बाटल्यांचा आकडा मात्र जपून वाचा. '२४ बाटल्या' हा हिशेब बोर्दो पद्धतीच्या सरळ खांद्याच्या ७५० मिलीच्या बाटल्यांवर केलेला असतो. स्पार्कलिंगच्या, म्हणजे फेसाळत्या वाइनच्या, जाड बुंध्याच्या बाटल्या ठेवल्या की चार-पाच जागा सहज कमी होतात. दोन कप्प्यांत वेगवेगळं तापमान देणारा फ्रिज महाग पडतो. नुसत्या साठवणीसाठी त्याची गरज नाही.

जागा आणि लाइट

गॅसची शेगडी, पश्चिमेची भिंत आणि पत्र्याखालची खोली, ही तिन्ही ठिकाणं टाळा. घरात दुपारी सगळ्यात शेवटी तापणारी खोली कोणती, हे घरच्या बायकांना नेमकं ठाऊक असतं. त्यांना विचारा आणि तिथंच फ्रिज ठेवा. बहुतेक फ्रिज मागून गरम हवा सोडतात. त्यांना मागं आणि बाजूला चार बोटं तरी मोकळी जागा द्या. कपाटात बसवायचाच असेल तर समोरच्या जाळीतून हवा सोडणारा प्रकार विचारून घ्या. ऊन काचेवर पडायला नको, कारण प्रकाशानंही वाइन बिघडते. वॉशिंग मशीनचा शेजारही नको. सततच्या हादऱ्यानं तळाचा गाळ ढवळला जातो.

टेम्पोतून आडवा आणला असेल तर उभा करून एक दिवस तसाच राहू द्या, मगच चालू करा. कंप्रेसरमधलं तेल पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो.

आता लाइटचं. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं आणि कंप्रेसर जळतो तो त्यामुळेच. स्टॅबिलायझर लावाच, आणि लाइट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून पुरवठा करणारा लावा. एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज चालवू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. फ्रिजच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी तेच तपासा.

लाइट गेली की दार उघडून 'अजून गार आहे का' बघण्याचा मोह होतो. तो आवरा. भरलेल्या फ्रिजमधल्या बाटल्या एकमेकींना गार ठेवतात, त्यामुळे दार बंद असेल तर दोन-तीन तासांच्या भारनियमनात फारसं बिघडत नाही. इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर कंप्रेसर सुरू होतानाचा झटका तो पेलतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

तापमान लावताना

१३ अंशांवर लावा आणि मग उगाच बटणाला हात लावू नका. रेड, व्हाइट, रोझे (गुलाबी वाइन), सगळ्यांना साठवणीसाठी हाच आकडा चालतो. दारावर दिसणारा आकडा आतल्या हवेचा असतो. कंप्रेसर बंद-चालू होताना ही हवा दोन-तीन अंश खालीवर होते, पण बाटलीतल्या वाइनपर्यंत तो फरक पोचत नाही. खरं काय चाललंय ते पाहायचं असेल तर एक रिकामी बाटली पाण्यानं भरून मधल्या फळीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. माझ्या फ्रिजवर १३ दिसत होतं तेव्हा मधल्या फळीवरचं पाणी १५ अंश निघालं. मी आकडा ११ केला आणि तेव्हापासून पाणी १३ वर आहे.

नव्या बाटल्या एकदम भरू नका. ३८ अंशांच्या बारा बाटल्या म्हणजे नऊ लिटर गरम द्रव. तो आत गेला की आधीच्या सगळ्या बाटल्या तापतात. रात्री, तीन-चार करून ठेवा. नाशिकहून गाडीत आणत असाल तर आइसबॉक्समध्येच आणा, कारण उन्हात उभ्या गाडीत तासाभरात होतं ते नुकसान कुठलाही फ्रिज भरून काढत नाही.

बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आकसत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. मागच्या भिंतीला बाटली टेकू देऊ नका. तिथं हवा अडते आणि पाझर धरतो. गळ्यात खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात, ठेवल्यानं त्या चांगल्या होत नाहीत.

आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांत असावी. छोटा हायग्रोमीटर आत ठेवला की काम झालं. उन्हाळ्यात काटा ५० च्या खाली जातो, तेव्हा खालच्या फळीवर वाटीभर पाणी ठेवा. पावसाळ्यात वाटी काढून घ्या, नाहीतर लेबलांवर बुरशी चढते.

वर्षाची निगा

मी दोन मुहूर्त धरले आहेत: होळीच्या आधी आणि दसऱ्याच्या साफसफाईत. होळीचा जास्त महत्त्वाचा, कारण वावटळीच्या धुळीनं कंडेन्सरची (गरमी बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची) जाळी भरली की ऐन उन्हाळ्यात कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. प्लग काढा आणि मऊ ब्रशनं वरून खाली धूळ झाडा. माझ्या जाळीवर दर वर्षी गोधडीतल्या कापसासारखा करडा थर निघतो. मागं उंदरांनी वायर कुरतडली आहे का, पालीनं पंख्यात घर केलंय का, तेही त्याच वेळी बघा.

आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा. फिनेल किंवा वासाचं लिक्विड अजिबात नको, तो वास बुचातून आत शिरू शकतो. दाराचं रबर कान कोरायच्या काडीनं घडीघडीत पुसून कोरडं करा. मग दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट अडली पाहिजे. चारही बाजूंनी असं करून बघा. सैल निघाली तिथं हेअर ड्रायरनं रबराला हलकी ऊब देऊन बोटांनी आकार द्या. तरीही नोट सुटली तर रबर बदला. तळाशी पाणी साचत असेल तर मागचं निचऱ्याचं भोक तुंबलंय. मऊ वायर घालून ते मोकळं करा. कोळशाचा फिल्टर असेल तर वर्षातून एकदा बदला.

गॅस भरायची वेळ आली तर स्टिकरवर 'आर-६००ए' आहे का ते मेकॅनिकला दाखवा. हा गॅस पेट घेतो. त्याचं काम माहीत असलेल्यालाच हात लावू द्या.

प्यायला काढताना

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला १८ अंशांच्या युरोपातल्या खोल्यांचा आहे. आपल्या मे महिन्यात फ्रिजमधून काढलेली रेड दहा-पंधरा मिनिटांत हवी तशी होते. व्हाइट तासभर आधी साध्या फ्रिजमध्ये हलवा. उघडलेली बाटली वाइन फ्रिजमध्ये परत ठेवू नका. बूच लावून ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

सुट्टीत गावाला जाताना हा फ्रिज बंद करायचा नसतो. महिनोन्‌महिने घर बंद राहणार असेल तर बाटल्या ओळखीच्या घरी हलवा, फ्रिज आतून कोरडा करा आणि दारात रुमालाची घडी अडकवून ते किलकिलं ठेवा. नाहीतर परत आल्यावर रबराच्या घडीत काळी बुरशी निघते, आणि तिचा वास जायला आठवडे लागतात.