घरच्या रुग्णाला तोंडाने मॉर्फिन: सुरुवात, पहिला आठवडा आणि गिळणं थांबल्यावर

ट्रॅमाडॉल (मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक) दिवसाला 400 मिग्रॅपर्यंत गेलं, जोडीला पॅरासिटामॉल आहे, तरी रुग्णाला रात्री सलग दोन तास झोप नाही. अशा वेळी मॉर्फिन सुरू करावं. कॅन्सर कितव्या टप्प्यात आहे आणि दिवस किती उरलेत, यावर हा निर्णय ठरत नाही. दुखणं किती आहे यावर ठरतो. ‘अजून तेवढी वेळ आलेली नाही’ म्हणून थांबणारे बहुतेकदा नातेवाईक नसतात, आपण डॉक्टरच असतो.

औषध कुठून आणायचं ते आधी बघा. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधं’ असा वेगळा वर्ग झाला आणि मॉर्फिन त्यात आलं. साठा ठेवून वाटप करायचं तर रुग्णालयाला किंवा संस्थेला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता लागते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत असावा लागतो. तुमच्याकडे मान्यता नसेल तर जवळच्या कुठल्या संस्थेत गोळ्या मिळतात ते रुग्ण येण्याआधीच माहीत करून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी ही शोधाशोध सुरू झाली की शनिवार-रविवार रुग्ण तळमळत काढतो.

चिठ्ठी लिहिण्याआधी दुखणं नीट विचारा. शून्य ते दहाचा आकडा अनेक आजी-आजोबांना सांगता येत नाही. ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ विचारलं की लगेच उत्तर येतं, आणि पुढच्या भेटीत ‘आठ आणे फरक आहे’ हे तेच आपणहून सांगतात. दुखणं एकाच जागी आहे असं धरून चालू नका. शरीराच्या चित्रावर प्रत्येक जागा खुणेने दाखवा आणि शेजारी त्यांचाच शब्द लिहा. आग होते, चमका येतात, मुंग्या येतात असं म्हणाले तर ते नसेचं दुखणं. त्याला मॉर्फिन एकटं पुरत नाही, रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ किंवा प्रीगाबालिन जोडावं लागतं. हाडाच्या दुखण्याला, किडनी आणि पोट ठीक असेल तर, सूज उतरवणारी गोळी द्या आणि रेडिएशनसाठी पाठवा. कित्येकदा एकच सीटिंग पुरतं. पाठ दुखते आणि पायातलं बळ जातंय, लघवी अडतेय असं दिसलं तर कण्यातला मज्जारज्जू दबत असू शकतो; त्याच दिवशी डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) देऊन एमआरआयला पाठवा. तिथे मॉर्फिन वाढवत बसलात तर पाय कायमचे जातील.

सुरुवातीचा डोस. आपल्याकडे सहसा 10 मिग्रॅची साधी गोळी मिळते. तिचा परिणाम तासाभरात पुरता येतो आणि चार तास टिकतो. अर्धी गोळी सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, आणि रात्री 10 वाजता दुप्पट, म्हणजे एक पूर्ण, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दिवसाचे झाले 30 मिग्रॅ. मध्येच कळ आली तर जादा अर्धी, पुढच्या ठरलेल्या वेळेला हात न लावता. खूप म्हातारं, खंगलेलं माणूस असेल तर पाव गोळी. ट्रॅमाडॉल बंद करा. पूर्ण ट्रॅमाडॉलवर असलेल्या माणसाला 5 मिग्रॅ कमी पडू शकतात, पण तिथूनच सुरू करून दुसऱ्या दिवशी वाढवणं सोपं जातं.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका. किडनी थकलेली असेल तर मॉर्फिनचे उरलेले घटक शरीरात साठतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुंगी, भ्रम, हातापायांना झटके सुरू होतात. अशा रुग्णाला 2.5 मिग्रॅ सहा ते आठ तासांनी द्या किंवा फेंटानिलचा (त्वचेवर चिकटवायच्या पॅचमधून मिळणारं वेदनाशामक) विचार करा. पण सोयीचा वाटतो म्हणून पॅच लावून मोकळं होऊ नका. तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच म्हणजे दिवसाला साधारण 60 ते 90 मिग्रॅ तोंडी मॉर्फिन. ज्याने आधी मॉर्फिन घेतलेलंच नाही त्याला तो धोक्याचा आहे. दुखणं रोज चढतंय तिथेही तो कामाचा नाही, कारण पॅचचा परिणाम यायलाच बारा तास किंवा अधिक लागतात. ताप आला किंवा वर गरम पाण्याची पिशवी ठेवली की औषध जास्त शोषलं जातं, हे घरच्यांना बजावून सांगा.

त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याची गोळी हवी: बिसाकोडिल 5 मिग्रॅच्या दोन, रोज रात्री. गुंगी आणि मळमळ चार-पाच दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठ मॉर्फिन चालू असेपर्यंत राहतं. लोक स्वतःहून इसबगोल सुरू करतात, ते थांबवा. पाणी कमी पिणाऱ्या माणसात त्याचा गोळा होऊन बसतो. तीन दिवस शौचाला झालं नाही तर बोटाने तपासा आणि मग ठरवा, एनिमा की सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी). शौच साठून पोट फुगल्यामुळे दुखतंय आणि त्याच दुखण्यासाठी मॉर्फिन वाढवलं जातंय, ही चूक वारंवार दिसते. मळमळीसाठी पहिला आठवडा मेटोक्लोप्रामाइड 10 मिग्रॅ तीनदा किंवा रात्री हॅलोपेरिडॉल 0.5 ते 1.5 मिग्रॅ. आतड्याला पूर्ण अडथळा असेल तर मेटोक्लोप्रामाइड नको, पोटात कळा वाढतात.

आता घरच्यांचं. गोळ्या ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याशी बोला. बहुतेक घरांत त्या सूनबाई किंवा बायको असतात, आणि दवाखान्यात आलेला मुलगा त्यांना अर्धंच सांगतो. वहीचं एक पान आखा: वेळ, गोळी, जादा घेतली का, शौचाला झालं का. वाचता येत नसेल तर सूर्य, जेवणाचं ताट, चंद्र अशी चित्रं काढा. ‘सवय लागेल’ ही भीती त्यांनी बोलून दाखवायची वाट बघू नका, तुम्हीच विषय काढा. नाहीतर सकाळची दिली, दहाची ‘आत्ता बरं आहे म्हणून’ ठेवून दिली, आणि दुपारी कळ शिगेला पोचल्यावर अर्ध्या गोळीने काही होत नाही. मग फोन येतो की औषध लागू पडत नाही. डोस वाढवण्याआधी गोळ्या मोजा. रोजच्या तीनप्रमाणे सात दिवसांच्या 21, आणि जादासाठी 7 दिल्या असतील, तर किती उरल्यात यावरून सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी फोन तुम्ही करा. जादा गोळी तीन-चार वेळा लागली असेल तर डोस वाढवायचा, साधारण 30 ते 50 टक्के. हिशोबाने 5 चे 7.5 होतात, म्हणजे पाऊण गोळी, आणि त्या गोळीचे चार सारखे तुकडे क्वचितच पडतात. किडनी चांगली असलेल्या, तब्येतीने बऱ्या माणसाला सरळ 10 वर नेता येतं, वृद्धांना पाऊणच. ठरलेला डोस वाढला की जादाचाही वाढवा: तो दिवसाच्या एकूण डोसाचा सहावा भाग. हे विसरलं जातं.

‘नुसते झोपून आहेत’ असा फोन पहिल्या दोन दिवसांत येतोच. हाक मारल्यावर उठतात, ओळखतात, दोन घोट चहा घेतात, श्वास मिनिटाला दहाच्या वर आहे, तर ती कित्येक रात्रींची राहिलेली झोप आहे. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं हे डोस जास्त झाल्याचं लक्षण धरू नका. मॉर्फिनवर त्या बारीकच असतात. गुंगी वाढत चाललीय, असंबद्ध बोलणं, झटके दिसले तर एक डोस चुकवा, पुढचे कमी करा, लघवी किती होतेय ते विचारा. श्वास आठच्या खाली आणि माणूस उठत नाही, तेव्हाच नॅलोक्सोन (मॉर्फिनवरचा उतारा), आणि तेही पातळ करून: 400 मायक्रोग्रॅमचं अँप्यूल 10 मिली सलाइनमध्ये, त्यातलं अर्धा ते एक मिली दर दोन मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंत. सबंध अँप्यूल एकदम मारलंत तर श्वास येईल, पण सगळं दुखणं एका झटक्यात परत येईल. नॅलोक्सोनचा परिणाम मॉर्फिनच्या आधी संपतो, म्हणून सुधारल्यावरही काही तास लक्ष ठेवावं लागतं.

गिळणं थांबलं म्हणून मॉर्फिन थांबवू नका. दुखणं उसळतं आणि औषध एकदम तुटल्याचा त्रास वेगळा. तोंडाच्या डोसाचा निम्मा त्वचेखाली: 10 मिग्रॅची गोळी चालू होती तर 5 मिग्रॅ, दर चार तासांनी. कॉलरबोनच्या खाली 24 नंबरची बटरफ्लाय सुई बसवून पारदर्शक पट्टीने चिकटवा. जागा लाल, टणक झाली की बदला. अँप्यूलवर मिलीला 10 मिग्रॅ आहे की 15 ते दर वेळी वाचा. सिरिंज भरून, वेळ लिहून ठेवल्या तर घरचं माणूस दोनदा बघून तिसऱ्यांदा स्वतः देतं. घशात घरघर लागली की घरच्यांना ते बघवत नाही. कुशीवर वळवा, ग्लायकोपायरोलेट 0.2 मिग्रॅ त्वचेखाली द्या. सक्शनच्या (नळीने ओढून काढण्याच्या) मागे लागू नका, खोलवरचा स्राव निघत नाही आणि माणसाला त्रास मात्र होतो.

घरी अजिबात झेपत नसेल तर वेळेवर हलवा, मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र, दोन्ही अशा रुग्णांना ठेवून घेऊन काळजी घेणाऱ्या संस्था. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. आधी फोन करा, कागदपत्रं आणि चालू डोसाची चिठ्ठी सोबत द्या.

मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला नमुना 4अ वर लिहायचा, नमुना 4 रुग्णालयातल्या मृत्यूसाठी आहे. नोंदणी 21 दिवसांत. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि अँप्यूल घरात राहू देऊ नका. ज्या संस्थेने दिल्या तिथे मोजून परत करायला सांगा, आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहून सही घ्या.