साग्रान्तिनो उघडताय? आधी या चुका टाळा

पानं वाढली, पाहुणे बसले, मग यजमानांना साग्रान्तिनोच्या, या इटालियन लाल वाइनच्या, बाटलीची आठवण होते. बूच निघतं, ग्लास भरतात, पहिल्याच घोटाला हिरडा चघळल्यासारखं तोंड होतं. कुणी म्हणतं "बिघडलीय", कुणी त्यात बर्फ टाकतं. गारव्याने तुरटपणा आणखी टोचतो. शेवटी महागाची बाटली मोरीत! वाइनचा दोष काहीच नसतो.

साग्रान्तिनो हे इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या मोन्तेफाल्कोचं द्राक्ष; त्यात टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, मुळातच प्रचंड. नियमाने 37 महिने मुरवल्याशिवाय, त्यातले किमान 12 लाकडी पिंपात, त्याची वाइन विकता येत नाही. 2020 चं पीक बाजारात यायला जानेवारी 2024 उजाडला. तेवढ्याने ती पिण्याजोगी झाली असं समजू नका. सुगीपासून आठ-दहा वर्षं थांबलेली बाटली वेगळीच लागते. तेवढा धीर नसेल तर निदान तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद काचपात्रात, ओता. नुसतं बूच काढून ठेवण्याला काही अर्थ नाही, बाटलीच्या गळ्यातून हवा लागते ती रुपयाएवढ्या जागेला. डिकँटर नसेल तर काचेचा रुंद जग चालतो. मिक्सरमध्ये फिरवायचा सल्ला देणाऱ्यांनी सरबत प्यावं.

जुनी बाटली मात्र आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. हलक्या हाताने निथळा, शेवटचे दोन बोटं सोडून द्या. तिला तीन तास नकोत.

"खोलीच्या तापमानाला द्या" हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडच्या 30 अंशांत नुसतं अल्कोहोल नाकात जातं, आणि ते इथे 14-15 टक्के असतं. पाहिजेत 17-18 अंश: बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं, नाहीतर फ्रिजमध्ये सव्वा तास.

लेबल नीट वाचा. 'पास्सीतो' म्हणजे निदान दोन महिने सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन; मटणाबरोबर ती उघडून बसू नका. 'मोन्तेफाल्को रोस्सो'त मुख्य द्राक्ष सांजोवेझे. ती स्वस्त, मवाळ आणि चांगली असते, पण साग्रान्तिनो नव्हे.

मासे नकोत, तोंडात लोखंडी चव येते. तांबडा रस्साही नको, तिखट आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात. चरबीचं, मंद शिजवलेलं, कमी तिखटाचं मटण किंवा जुनं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं) चीज घ्या.

उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बहुतेक वेळा जास्त चांगली लागते.