सोलापुरात सहा जणांची तेमाकी

सुशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कच्चा मासा येतो. खरी सुशी मात्र व्हिनेगर लावलेल्या भातात असते, मासा असो वा नसो. चार मित्र जमले की जपानी घरांत त्यातला सगळ्यात सोपा प्रकार होतो, तो म्हणजे तेमाकी. भात, नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद) आणि चिरलेलं सामान मधोमध ठेवायचं, ज्यानं त्यानं हातातच सुरळी करायची आणि तिथल्या तिथे खायची.

आठला बसायचं असेल तर सहाला तांदूळ धुवा. सहा जणांना ४५० ग्रॅम पुरतात. जपानी आखूड तांदूळ नसला तरी अडत नाही, इंद्रायणी उत्तम चालतो. बासमती अजिबात नको, त्याचं शीत शिताला धरत नाही. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवा, अर्धा तास भिजवा आणि निथळून घ्या. कोरडे तांदूळ ज्या वाटीनं मोजले तिनंच तेवढं पाणी आणि वर पाव हिस्सा. तांदूळ नवा असेल तर हा पाव हिस्साही थोडा कमी करा. कुकरला लावू नका, शिट्टीत इंद्रायणीचा गिचका होतो. जाड बुडाच्या पातेल्यात झाकण लावून उकळी आणा, मग मंद आचेवर १२ मिनिटं, गॅस बंद करून आणखी १५. मधे झाकण उघडून डोकवायचं नाही. वाफ गेली की वरचा थर कच्चा राहतो.

तोवर ७५ मिली राइस व्हिनेगर, ३ मोठे चमचे साखर आणि दीड लहान चमचा मीठ कोमट करून विरघळवा. उकळू नका, आंबटपणा उडून जातो. साधं पांढरं व्हिनेगरच असेल तर ५० मिलीत २५ मिली पाणी घाला, नाहीतर घशाला झोंबतं.

भात गरम असतानाच स्टीलच्या परातीत काढा. बिनकल्हईची पितळी परात नको, कळकते. व्हिनेगर सगळीकडे शिंपडून लाकडी उलथण्यानं भात कापल्यासारखा उलथत जा. घोटला की संपलं. दुसऱ्यानं तोवर पुठ्ठ्यानं वारा घालावा, म्हणजे शितांवर चकाकी येते. मग वर ओला, घट्ट पिळलेला पंचा टाका. आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलचा मोह इथे आवरा, त्याचे धागे भाताला चिकटतात. भात फ्रिजमध्येही ठेवू नका, कडक होतो. खाताना तो अंगाइतका कोमट असावा.

नोरीचा पूर्ण कागद साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचा असतो, त्याचे कात्रीनं दोन भाग करा. १५ कागद लागतील. नोरीचा शत्रू दमटपणा, त्यामुळे एप्रिल-मेची आपली कोरडी हवा इथे कामाला येते. पावसाळ्यात मऊ पडलीच, तर गॅसच्या ज्योतीवरून दोन-तीन सेकंद फिरवा. पाकीट मात्र शेवटच्या क्षणी फोडा.

आत काकडी (बिया काढून, बोटभर लांब), गाजर, सोया सॉसमध्ये मुरवून परतलेलं पनीर, गोडसर ऑम्लेटच्या पट्ट्या, उकडलेली कोळंबी. कच्चा मासा घरी नकोच. उजनीचा तर कधीच नको, गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी असू शकतात आणि घरच्या फ्रीजरच्या भरवशावर ते मरतील असं धरू नये. सोबत मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) करणार असाल आणि शाकाहारी मंडळी असतील, तर त्याच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा, त्यात बऱ्याचदा माशाचा अर्क असतो. काकडीवर शेंगा चटणी भुरभुरली तर? कट्टर लोक नाक मुरडतील, पण भाताच्या गोड-आंबटाला ती झकास लागते.

सुरळी अशी: नोरीची चकचकीत बाजू खाली, आडवा तुकडा डाव्या तळहातावर. डाव्या अर्ध्यात दोन मोठे चमचे भात, शितं दाबू नका. त्यावर सामान तिरकं ठेवा आणि खालचा डावा कोपरा उचलून कोनासारखं गुंडाळा. नवखे हमखास मूठभर भात भरतात आणि कोन फाटतो. सोया सॉस बेताचा, तोही वरच्या सामानाला. भात बुडवला की सगळं वाटीत सांडतं. आणि गप्पा मारत कोन हातात धरून बसू नका, दोन-तीन मिनिटांत नोरी चामट होते.

चॉपस्टिक सामान उचलायला. भातात उभ्या खोचू नयेत, तसं तिथे मृतासमोरच्या भातात करतात. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देणंही टाळा, दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

उरलेला भात रात्रीच फ्रिजमध्ये टाका. सकाळी तो कडक, मोकळा झालेला असतो. मोहरी, शेंगदाणे, कढीपत्ता आणि जरा जास्तच हिरवी मिरची घालून फोडणी द्या, चित्रान्न तयार. लिंबू पिळायची गरज नाही.