रोबोटिक्सचा वर्ग सुरू करताय? आधी बॅटरीचं बघा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी सहावी ते आठवीच्या मुलांचा रोबोटिक्सचा वर्ग भरतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना मी तिथे शिकवायला लागले, अजून जातेय. "आमच्याकडेही सुरू करायचंय" म्हणणारे पहिल्यांदा सामानाची यादी मागतात. आम्ही काळ्या टेपमागे धावणारी छोटी गाडी बनवतो, त्यासाठीची ही यादी फार मोठी नाही. आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड, गाडीचा मेंदू), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या सांगण्यावरून मोटरी फिरवणारा बोर्ड), पिवळ्या गिअरवाल्या दोन बीओ मोटरी, दोन आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर, जोडणीसाठी जंपर वायरी. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. तीन मुलांत एक गाडी ठेवा. पाच जणांत एक दिलीत तर दोघं खिडकीबाहेर बघत बसतात.

मी फसले ती ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर. स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारी, म्हणून डझनभर आणल्या. गाडी हातात उचलून धरली की चाकं गरगर फिरायची, जमिनीवर ठेवली की ढिम्म. आर्डुइनो मध्येच रीसेट व्हायचा. मी तासभर कोड उलटापालटा केला. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, आमच्याकडे मिक्सर लावला की बल्ब असाच मंद होतो." निदान अचूक होतं. जमिनीवर आल्यावर मोटरी जास्त करंट मागतात, तो या बॅटरीला झेपत नाही आणि व्होल्टेज पडतं.

आता आम्ही १८६५० साइझचे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये लावतो, म्हणजे साधारण ७.४ व्होल्ट. त्यातले दोनेक व्होल्ट ड्रायव्हरच खातो, उरलेले मोटरींना पुरतात. हे सेल योग्य चार्जरवर आणि स्वतःच चार्ज करा, मुलांच्या हाती तेवढं देऊ नका. आणखी एक: आर्डुइनोला वेगळी पॉवर देत असाल तर त्याचं आणि ड्रायव्हरचं ग्राउंड, म्हणजे मायनसची बाजू, एकमेकांना जोडलंय ना, ते आधी बघा. नसेल तर गाडी अंगात आल्यासारखी वागते.

पहिले दोन रविवार कॉम्प्युटर उघडूच नका. नुसता सेल आणि मोटर द्या. वायरी उलट केल्या की चाक उलटं फिरतं, हे मुलांनी स्वतः पाहिलं की पुढे मोटर ड्रायव्हर कशाला लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही. कोडिंगला आमच्याकडे दोनच जुने लॅपटॉप आहेत आणि कधी अडलं नाही.

कामाच्या वाटणीकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. कोणी काही न सांगता स्क्रूड्रायव्हर मुलांकडे जातो आणि वही मुलींकडे. मी दर वीस मिनिटांनी कामं बदलायला लावते. कुरकुर होते, होऊ द्या.

जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या लॅबला केंद्राकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. थ्रीडी प्रिंटर वापरायला मिळाला तर चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, खर्च वाचतो. नाही मिळाला तर जाड पुठ्ठा आहेच.

पालकांना गाड्या दाखवायचा कार्यक्रम ठरवलात तर जागा आणि वेळ आधी तपासा. आमच्या गाड्या पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या टेपमागे धावायच्या. पांढरा रंग इन्फ्रारेड परत फेकतो, काळा शोषून घेतो, त्यावर सगळा खेळ. सराव झाला संध्याकाळी आत खोलीत, कार्यक्रम ठेवला सकाळी ११ वाजता अंगणात. उन्हातच इन्फ्रारेड ठासून भरलेलं, त्यामुळे सेन्सरला काळंही पांढरंच दिसायला लागलं. पहिली गाडी टेप सोडून सरळ एका आजींच्या खुर्चीखाली. सेन्सर किती संवेदनशील असावा ते ठरवणारा त्याच्यावरचा निळा प्रीसेट फिरवून पाहिला, काही उपयोग नाही. मग मुलांनी चहाचे कागदी कप कापून सेन्सरभोवती आडोसा केला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा आतून एक छत्री आणली. गाडी पुढे, तिच्यावर छत्री धरून वाकून पळणारा सहावीतला पोरगा मागे. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या.