शिष्य घडवताना या चुका टाळा

मंडळीत (चर्चमध्ये) शिष्यत्वाचे, म्हणजे येशूचे अनुयायी घडवण्याचे, वर्ग उत्साहाने सुरू होतात आणि काही महिन्यांत थंडावतात. मग दोष अभ्यासपुस्तिकेला दिला जातो, नवी मागवली जाते, आणि पुन्हा तेच होतं. बहुतेक वेळा मूळ अडचणी दोनच असतात: सगळं काम पाळकांच्या अंगावर टाकलेलं असतं, आणि त्याला शेवटची तारीख ठरवून दिलेली असते.

‘ते पाळक बघतील’

बायबलमधल्या मत्तय 28:19-20 मधली ‘शिष्य करा’ ही येशूची आज्ञा त्याच्या अकरा शिष्यांना मिळाली. पण प्रभूने आज्ञापिलेलं सर्व पाळायला त्यांनी इतरांना शिकवायचं होतं, आणि त्या ‘सर्व’मध्ये शिष्य करण्याची आज्ञाही आलीच. त्यामुळे जो शिष्य होतो, त्याच्या वाट्याला ती येतेच. इफिस 4:11-12 नुसार पाळक आणि शिक्षक यांनी पवित्र जनांना, म्हणजे सर्व विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करायचं असतं. यरुशलेमेत छळ झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, तिथेच राहिले. बाहेर पांगलेल्या विश्वासणाऱ्यांनी वचन गावोगावी नेलं (कृत्ये 8:1-4). अपुल्लोसारख्या विद्वानाला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू बनवणाऱ्या जोडप्याने.

पाळकांनी सगळ्यांना थोडाथोडा वेळ देण्यापेक्षा वर्षभर दोघा-तिघांना जवळ घ्यावं. स्वतः येशूने बारा जण निवडले, त्यांनी सोबत राहावं म्हणून (मार्क 3:14). वर्षअखेरीस त्या दोघा-तिघांनी प्रत्येकी आणखी दोघांना घ्यावं. आकडे लहान वाटतील, पण घाई केली की नुसती नावनोंदणी होते.

शिकवलं, पण पाळलं का ते विचारलंच नाही

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. अभ्यास छान होतो, वह्या भरतात, आणि घरातलं वागणं होतं तसंच राहतं. यासाठी गट तिघांचा ठेवा. पुरुषांनी पुरुषांसोबत आणि स्त्रियांनी स्त्रियांसोबत बसावं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, 75 मिनिटं.

पहिली 15 मिनिटं मागच्या आठवड्याच्या निर्णयासाठी: काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे अडलं. नंतर 30 मिनिटं वाचन आणि चर्चा, 15 मिनिटं नवा निर्णय, शेवटची 15 प्रार्थना. उशीर झाला की हमखास पहिला भागच गाळला जातो, कारण तो अवघड वाटतो. वेळ कमी असेल तर वाचन कमी करा, पण हा भाग सोडू नका.

निर्णय मोजता येईल असा हवा. ‘मी जास्त प्रेमाने वागेन’ याचा पुढच्या आठवड्यात हिशेब देता येत नाही. ‘गुरुवारच्या आत भावाला फोन करून माफी मागेन’ याचा देता येतो. जमलं नाही तर रागावू नका. काय आडवं आलं ते विचारा आणि पाऊल आणखी लहान करा.

वाचनासाठी मार्ककृत शुभवर्तमान उत्तम. अध्याय 16 आहेत. सहावा (56 वचनं) आणि चौदावा (72 वचनं) दोन-दोन बैठकांत घेतले की 18 आठवडे होतात. प्रश्न तीनच: येशूविषयी काय कळलं? माझ्याविषयी काय कळलं? मी काय करणार? प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते, आणि पुढारी लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. तसं करू नका. मनात दहापर्यंत मोजा. लाजणारी व्यक्ती बहुधा त्यानंतरच बोलते.

स्वतःचे अनुयायी जमवणं

शिकणारी व्यक्ती नोकरी, लग्न, पैसा अशा प्रत्येक गोष्टीत तुमची परवानगी मागू लागली, तर गाडी रुळावरून घसरली आहे. तुमचा गुरू एकच आहे, असं प्रभूने स्वतः बजावलं (मत्तय 23:8). सल्ला जरूर द्या. पण आधी ‘वचन काय सांगतं, तू प्रार्थनेत काय मागितलंस?’ हे विचारा आणि निर्णय तिच्यावर सोपवा. स्वतःचे संघर्षही सांगा. नेहमी जिंकणाऱ्या माणसासमोर कोणी आपलं पाप कबूल करत नाही.

गुप्तता पाळा, पण आंधळं वचन देऊ नका. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर ते लपवून ठेवता येत नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. अठरा वर्षांखालील मुलांसोबत कायम दोन प्रौढ हवेत.

गळालेल्याला सोडून देणं

प्रेषित पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सेवेच्या प्रवासाला निघालेला योहान मार्क अर्ध्या वाटेवरून परतला. पौलाने त्याला पुन्हा सोबत घ्यायला नकार दिला, पण बर्णबाने त्याला घेतलं. आणि पुढे तोच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, असं पौलाने लिहिलं (2 तीमथ्य 4:11). म्हणून कोणी सलग दोनदा आलं नाही, तर त्याच आठवड्यात भेटा. ‘का आला नाहीस?’ ऐवजी ‘कसा आहेस?’ इथून सुरुवात करा.

‘माझा अभ्यासक्रम झाला’

पुस्तिका संपली की प्रमाणपत्र मिळतं आणि माणूस थांबतो. नवीन विश्वासणारा ‘अजून तयार नाही’ म्हणून थांबतो, वयस्कर ‘आता तरुणांनी करावं’ म्हणून. शोमरोनी स्त्रीने येशू भेटला त्याच दिवशी गावाला त्याच्याविषयी सांगितलं (योहान 4). पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून आला. पौलाने त्यालाच पुढे लिहिलं की ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपवून दे, जे इतरांनाही शिकवतील (2 तीमथ्य 2:2): एका वचनात चार पिढ्या – पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि इतर.

म्हणून तिसऱ्या महिन्यापासून बैठक आळीपाळीने चालवायला द्या, आधी फक्त प्रार्थनेचा भाग, मग प्रश्न, मग संपूर्ण बैठक. चालत्या-फिरत्या नसलेल्या आजींना आठवड्यातून एकदा फोनवर एका तरुणीसोबत अध्याय वाचायला सांगा. आणि प्रत्येकाला, पाळकांनाही, दोन नावं लिहायला लावा: मी सध्या कोणाकडून शिकतो आहे आणि कोणाला शिकवतो आहे. एखादी ओळ रिकामी राहिली, तर पुढची बैठक त्यावरच घ्या.