पहिला कॅटॅलिस्ट बनवायच्या आधी: इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत पीएचडीला लागलेल्यांसाठी

पुण्यात पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, शेजारीच आयसर ही विज्ञानसंस्था, इकडे गणेशखिंडला विद्यापीठाचं केमिस्ट्री डिपार्टमेंट, म्हणजे वॉटर स्प्लिटिंग (विजेनं पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करणं), फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज), मेम्ब्रेन (आयन जाऊ देणारा पडदा) असलं काहीतरी करणारी नवीन मुलं दरवर्षी येतच असतात आणि आल्या आल्या बहुतेकांना एकच घाई असते, आपला नवीन कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शन सोपी करणारं मटेरियल, बनवायचा. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिला महिना-दीड महिना काहीही नवीन बनवू नका. ज्याचं उत्तर सगळ्या जगाला माहिती आहे असं मटेरियल घ्या, म्हणजे प्लॅटिनम, आणि तुमच्या सेलमध्ये ते उत्तर येतंय का बघा. तिथे आकडा जुळत नसेल तर नंतर तुमच्या मटेरियलचा कितीही भारी आकडा आला तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

सुरुवात प्लॅटिनमच्या सीव्हीनं (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे पोटेन्शियल पुढे-मागे फिरवत करंटचा ग्राफ काढणं) करा. अर्धा मोलर सल्फ्युरिक ॲसिड, १८.२ मेगाओहमचं अतिशुद्ध पाणी, आधी अर्धा तास आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडायचा आणि मग आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड, पोटेन्शियल सांगायचा ठरलेला शून्य) स्केलवर साधारण ०.०५ ते १.४ व्होल्टमध्ये स्कॅन लावायचा. ०.०५ ते ०.४ च्या मधे हायड्रोजनच्या पीक्सच्या दोन जोड्या दिसल्या पाहिजेत, स्पष्ट आणि टोकदार. त्या गोलसर, दबलेल्या दिसल्या तर काचेला किंवा पाण्यात ऑरगॅनिक घाण आहे, आणि अख्खा ग्राफ तिरका होऊन खाली झुकला असेल तर ऑक्सिजन पूर्ण गेलेला नाही. या एका ग्राफमधून सेलच्या स्वच्छतेबद्दल जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही, त्यामुळे तो मनासारखा येईपर्यंत काचसामान पुन्हा पुन्हा धुवा, कंटाळा करू नका. मग बाजारात मिळणारा २० टक्के प्लॅटिनम-ऑन-कार्बन ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर टाका, ॲसिडमध्ये एचईआर (हायड्रोजन तयार होण्याची रिॲक्शन) करा, १० मिलिॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटरला ओव्हरपोटेन्शियल (रिॲक्शन चालवायला लागणारं जादा पोटेन्शियल) ३० मिलिव्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. ८० आलं तर काहीतरी चुकतंय.

काय चुकतंय? बहुतेक वेळा रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतो तो. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड सगळ्या लॅबमध्ये पडलेला असतो म्हणून लोक तोच उचलून एक मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) बुडवतात, कृपा करून हे करू नका. अल्कलीत तो हळूहळू खराब होतो, पोटेन्शियल सरकत जातं आणि त्यातून क्लोराइड झिरपून तुमच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये येतो ते वेगळंच. अल्कलीसाठी मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड वापरा, आणि आरएचईमध्ये बदलताना पेपरातला फॉर्म्युला आंधळेपणानं लावू नका, कारण एक मोलर केओएचचा पीएच कोणी १४ धरतं कोणी १३.७, एवढ्यातच १८ मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्यापेक्षा तुम्ही वापरणार तोच इलेक्ट्रोलाइट हायड्रोजननं सॅच्युरेट करा, स्वच्छ प्लॅटिनमची तार वर्किंग इलेक्ट्रोड (ज्यावर रिॲक्शन मोजतो तो) म्हणून लावा, एक मिलिव्होल्ट प्रति सेकंदानं पुढे-मागे स्कॅन करा आणि करंट जिथे शून्य ओलांडतो त्या दोन पोटेन्शियलची सरासरी घ्या, तोच तुमचा आरएचईचा शून्य. या कॉम्बिनेशनला तो साधारण उणे ०.९२ व्होल्टच्या जवळ येतो.

अजून एक करा, एक रेफरन्स इलेक्ट्रोड कपाटात वेगळा ठेवा आणि तो कधीच प्रयोगाला वापरू नका. दर आठवड्याला रोजचा इलेक्ट्रोड आणि हा, दोन्ही एकाच बीकरमध्ये बुडवून मल्टिमीटरवर फरक बघायचा. पाच मिलिव्होल्टच्या वर गेला की रोजच्याचं सोल्युशन बदला. टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला असेल तर जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकतो तसा हळू झटका. मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिप, वायरी हे सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं, त्यासाठी परचेसची फाइल फिरवत बसायची गरज नाही, आणि गंजलेल्या क्लिपा तर लगेच फेकून द्या, निम्मा नॉइज तिथूनच येतो.

काउंटर इलेक्ट्रोडचं, म्हणजे करंटचं सर्किट पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडचं थोडक्यात, पण महत्त्वाचं. प्लॅटिनम नसलेल्या कॅटॅलिस्टवर एचईआर करत असाल तर काउंटरला प्लॅटिनम नको, ग्रॅफाइट रॉड लावा, कारण काउंटरवरचं प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर येऊन बसतं आणि दोन हजार सायकलनंतर कॅटॅलिस्ट 'सुधारला' असं वाटतं, प्रत्यक्षात काम प्लॅटिनम करत असतं.

तसंच निकेलवर ओईआर (ऑक्सिजन तयार होण्याची रिॲक्शन) करणाऱ्यांनी केओएचमधल्या लोखंडाचा विचार केलाच पाहिजे. २०१४ मध्ये ऑरेगॉन विद्यापीठातल्या बोएचर यांच्या ग्रुपनं दाखवलं की साध्या केओएचमध्ये अशुद्धी म्हणून असलेलं लोखंड निकेल हायड्रॉक्साइडमध्ये शिरतं आणि ॲक्टिव्हिटी प्रचंड वाढते, लोखंड काढून टाकलं तर निकेल एकटं फारच साधारण निघतं. ते काढायचं तर निकेल हायड्रॉक्साइड केओएचमध्ये ढवळून ठेवायचं, ते लोखंड शोषून घेतं, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्यायचं. आणि केओएच काचेच्या बाटलीत साठवू नका, काच विरघळते, पॉलिप्रॉपिलीन वापरा.

आयआर करेक्शनवर (सोल्युशनच्या रेझिस्टन्समध्ये वाया जाणारं व्होल्टेज वजा करणं) लॅबमध्ये भांडणं होतात म्हणून गणितच सांगतो. ३ मिलिमीटरच्या ग्लासी कार्बनचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १० मिलिॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटरला खरा करंट ०.७ मिलिॲम्पिअर, रेझिस्टन्स १० ओहम असला तरी चूक फक्त ७ मिलिव्होल्टची. पण तेच १ चौरस सेंटिमीटरच्या निकेल फोमवर १०० मिलिॲम्पिअर ओढले तर २ ओहमलाही २०० मिलिव्होल्ट होतात आणि मग करेक्शनच तुमचा निकाल ठरवतं. रेझिस्टन्स इम्पिडन्सच्या हाय फ्रिक्वेन्सी इंटरसेप्टवरून काढा, पूर्ण १०० टक्के कॉम्पेन्सेशन लावलं तर पोटेन्शिओस्टॅट (पोटेन्शियल देऊन करंट मोजणारं यंत्र) थरथरायला लागतो म्हणून ८५-९० वर थांबा, आणि किती लावलं ते प्रत्येक ग्राफखाली लिहा.

आता मेम्ब्रेन. ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन फ्युएल सेल बस पुण्यातच दाखवली तेव्हापासून या विषयाला येणारी मुलं वाढली असं मला वाटतं, आणि ते चांगलंच आहे. नेफिऑन हा प्रोटॉन वाहून नेणारा नेहमीचा मेम्ब्रेन, त्यातला ११७ म्हणजे साधारण १८० मायक्रॉनचा पडदा, २१२ म्हणजे ५० च्या आसपास. ११७ आधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ८० अंशांना तासभर, मग डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात, मग अर्धा मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तसंच तासभर, मग परत पाण्यात. पिवळट दिसणारा तुकडा पेरॉक्साइडमध्ये काचेसारखा स्वच्छ होतो. नळाचं पाणी मात्र एकदाही लावू नका, बोअरिंगचं तर मुळीच नाही, त्यातलं कॅल्शियम प्रोटॉनच्या जागा अडवून बसतं आणि कंडक्टिव्हिटी पडते. तुकडा भिजवल्यावरच मापात कापा, कारण पाण्यात तो लांबी-रुंदीला दहा टक्क्यांपर्यंत वाढतो, कोरडा कापून सेलमध्ये घट्ट बसवला तर नंतर सुरकुत्या पडतात.

कंडक्टिव्हिटी मोजताना पुण्याची हवा विसरू नका. पूर्ण भिजलेल्या नेफिऑनची खोलीच्या तापमानाला साधारण ०.१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर येते, पण एप्रिलच्या दुपारी तोच तुकडा टेबलावर उघडा ठेवून मोजला तर आकडा धाडकन खाली येतो आणि जुलैत परत वर जातो. त्यामुळे एकतर पाण्यात बुडवून मोजा नाहीतर ह्युमिडिटी चेंबरमध्ये, आणि टेम्परेचर-ह्युमिडिटी दोन्ही लिहा. ॲनायन एक्स्चेंज मेम्ब्रेन (हायड्रॉक्साइडसारखे ऋण आयन वाहून नेणारा) असेल तर आणखी जपा, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट होतं, म्हणून धुण्यापासून मोजण्यापर्यंत सगळं नायट्रोजनखाली.

स्टॅबिलिटी टेस्ट पावसाळ्यात लावताना पोटेन्शिओस्टॅट यूपीएसवरच हवा, लाइट दोन सेकंद गेली तरी रन तुटतो, आणि मधेच सर्किट उघडं पडून इलेक्ट्रोड जे काही सोसतो त्यानंतरचा डेटा आधीच्याला जोडता येत नाही. डेटा दर तासाला आपोआप सेव्ह होईल असं सेटिंग करा. गणपतीच्या सुट्टीत बिल्डिंग रिकामी असते, तेव्हा हायड्रोजनचा सिलिंडर उघडा ठेवून रन लावून घरी जायचं नाही. नुसता वॉटर स्प्लिटिंगचा रन असेल तरी सेलचा व्हेंट फ्यूम हूडमध्ये काढा आणि दारावर नाव आणि फोन नंबर चिकटवून जा.