जुन्या हॉटेलाचं कोरीव छापचित्र घेताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या स्कारबरोच्या समुद्रकाठी ग्रँड हॉटेल 1867 साली सुरू झालं. वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिकने त्यात अख्खं वर्षच बसवलं: चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, 52 आठवड्यांची 52 धुराडी, 365 खोल्या. त्यामुळे त्याचं जुनं कोरीव छापचित्र, म्हणजे लाकडी ठशावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, हाती आलं की लोक धुराडी मोजायला बसतात आणि आकडा जुळला नाही की चित्राला खोटं ठरवतात. अहो, एका बाजूने काढलेल्या चित्रात सगळी धुराडी दिसतील कशी?

भिंग घ्या, पण रेषांसाठी. सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती नंतरची नक्कल. ठिपके नसले म्हणून लगेच अस्सलही मानू नका, कागद आणि मागची बाजू पाहा. मागे मजकूर छापलेला असेल तर नाक मुरडू नका. त्या काळी सचित्र साप्ताहिकांत अशी चित्रं भरपूर येत, मजकूर त्याचीच खूण.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मनोऱ्यातून आरपार गेलेल्या बारीक पांढऱ्या रेषेवरून. घडी पडली असेल, फाटलं असेल, असं वाटतं आणि कुणीतरी ती शाईने भरून काढतं! हे ठसे बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचे असत. त्याचं झाड फार जाड होत नाही, म्हणून मोठ्या चित्रासाठी लाकडाचे तुकडे जोडून ठसा करत. ती रेष त्या सांध्याची असू शकते. मला तर तीच आधी शोधावीशी वाटते.

निळ्या समुद्राला भुलून जास्त पैसे मोजू नका. साप्ताहिकांतली ही चित्रं बहुतेक काळीपांढरीच छापली जात, रंग बहुधा नंतर कुणीतरी हाताने भरलेला असतो.

फ्रेम करताना कडा कापू देऊ नका. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांतलं काहीही नको. साधा पुठ्ठा मागे लावला तर काही वर्षांत कागद तपकिरी पडतो, म्हणून आम्लरहित (ॲसिड-फ्री) माउंट, म्हणजे चित्राला आधार देणारा पुठ्ठा मागा. काच कागदाला टेकता कामा नये. तांबूस ठिपके घरी ब्लीचने घालवायला जाल तर कागदच ठिसूळ होईल, ते काम कागद-संवर्धकाचं. आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर हे चित्र लावू नका.